सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा आमची मुले कोठे असतात?

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, बेळगावात एक घटना घडते. तिच्यासाठी मांडव पडत नाही, पत्रके वाटली जात नाहीत, की कोणा मंत्र्याची मोटार येत नाही. सूर्य त्या क्षणी नगराच्या बरोबर माथ्यावर येतो आणि भुईत सरळ रोवलेल्या काठीची सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होते. या दिवसास शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे तो पुन्हा येतो. परंतु तेव्हा आमच्याकडे आभाळ भरलेले असते आणि सूर्यदर्शनाची शाश्वती नसते. म्हणजे वर्षातून खरा हाती लागणारा दिवस एकच, आणि तो नेमका शाळेच्या सुट्टीत येतो.

त्या दुपारी आमची मुले कोठे असतात? ज्यांच्या आईबापांच्या खिशात पैसा आहे ती शिकवणीच्या वर्गात पंख्याखाली बसून मागल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे घोकीत असतात. ज्यांच्या नाही ती शेतावर, दुकानात, चहाच्या टपरीवर किंवा मोबाईलच्या पडद्यासमोर असतात. शाळेच्या प्रयोगशाळेस कुलूप असते. आणि खरे बोलावयाचे तर कित्येक ठिकाणी ते जूनमध्येही निघत नाही. सूर्य माथ्यावरून ढळतो, सावली परत येते. भूगोलाच्या पुस्तकातील एक धडा आमच्या अंगणात येऊन दार ठोठावतो आणि कोणीच उघडत नाही म्हणून निमूटपणे निघून जातो.

हा धडा लहानसहान नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने इजिप्तमधील दोन गावांच्या माध्यान्हीच्या सावल्यांची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, उपग्रह नव्हता. सावली, अंतर आणि त्रैराशिक एवढेच त्याचे भांडवल. तेवढे भांडवल आज आमच्यापाशीही आहे. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर वसले आहे आणि इंदूर सुमारे २२.७२ वर; रेखांश दोहोंचे जवळजवळ सारखेच. ज्या दिवशी बेळगावात काठीस सावली नसते, त्याच दिवशी इंदुरात एक मीटर उंचीच्या काठीची माध्यान्हीची सावली सुमारे १२ सेंटिमीटर भरते. त्यावरून सूर्यकिरणांचा कल सात अंशांहून किंचित कमी, म्हणजे ६.८७ अंशांच्या जवळपास निघतो. दोन नगरांमधील निव्वळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७६० किलोमीटर. ६.८७ अंशांस ७६० किलोमीटर, तर ३६० अंशांस किती? हे त्रैराशिक सातवीतील मूल सोडवील, आणि त्याचे उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळ येईल. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे.

बेळगावचे मराठी मूल आणि इंदूरचे मराठी मूल एकमेकांशी दूरध्वनीवर आपल्या भाषेत बोलून एका दुपारी पृथ्वी मोजू शकते! ग्वाल्हेरच्या मुलाने मध्येच विचारावे की, आमच्याकडे हा दिवस केव्हा येतो? आणि त्याचे त्यानेच शोधून काढावे की, तो ग्वाल्हेरास कधीच येत नाही, कारण ते नगर कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. बृहन्महाराष्ट्राची संमेलने आम्ही पुष्कळ भरविली, पुष्कळ ऐकली. परंतु असे एक संमेलन काठ्या आणि मोजपट्ट्या घेऊन भरवावे, हे आम्हांस कधी सुचले नाही. काठी आम्ही पोलिसांच्या हातात अनेकदा पाहिली. ती मुलांच्या हाती देऊन पृथ्वी मोजता येते, याचा मात्र आम्हांस विसर पडला.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला आणि तो संपल्याचे आम्हांस त्या वेळी दुःखही झाले नाही. उलट सुटलो असेच वाटले. आज चाळिशी उलटल्यावर ध्यानात येते की, आमची सुटका विज्ञानापासून झाली नव्हती. झाली होती ती घोकंपट्टीपासून, आणि तिच्यासोबत विज्ञान फुकट गेले. जो अन्याय आमच्यावर झाला तोच आमच्या मुलांवर आमच्या डोळ्यांदेखत होत आहे, आणि या खेपेस साक्षीदारांच्या रांगेत आम्ही उभे आहोत. म्हणून हा विषय आज येथे घेतला आहे.

विज्ञानाची संधी म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेची तयारी म्हणजे विज्ञानाची संधी, अशी समजूत आमच्या मध्यमवर्गाने करून घेतली आहे. ती साफ चुकीची आहे. प्रवेशपरीक्षा मुलास विचारते, 'उत्तर ठाऊक आहे काय?' विज्ञान त्यास विचारते, 'तुझा प्रश्न कोणता?' मुलाने स्वतःचा प्रश्न काढावा, तो स्वतःच्या हातांनी तपासावा, चुकावे, पुन्हा तपासावे आणि मिळाले ते चार माणसांपुढे मांडावे. एवढे ज्यातून घडते ती संधी. मग ती दिल्लीच्या योजनेतून येवो अथवा आजोबांच्या परसातून.

दिल्लीच्या योजनांबद्दल आधी बोलू. कारण त्या नाहीतच, अशी तक्रार ज्यांच्या तोंडी असते त्यांस बहुधा त्या ठाऊकच नसतात. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरत आली आहे. १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घेऊन, शिक्षकाच्या मार्गदर्शनाने त्याचा अभ्यास करून तो जिल्ह्यापासून देशापर्यंत मांडू शकतात, आणि तो आपल्या भारतीय भाषेत मांडण्याची मुभा त्यांस असते. इन्स्पायर-मानक या योजनेत शाळेने आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तम कल्पना कळवावयाच्या असतात. निवड झाल्यास प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा होतात. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब उभारण्यासाठी शाळांस २० लाखांपर्यंत अनुदान देण्यात येऊ लागले आणि अशा १०,००० प्रयोगशाळा देशात झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५०,००० सरकारी शाळांत त्या पाच वर्षांत उभारण्याची घोषणा झाली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ साली नववीच्या मुलांसाठी 'युविका' हा उन्हाळी उपक्रम आरंभिला. त्याच्या निवडीत ग्रामीण शाळांच्या मुलांस अधिक गुण ठेवले.

याद्या मोठ्या आहेत. परंतु यादी आणि मूल यांच्यामध्ये एक इसम उभा असतो, आणि त्याचे नाव शिक्षक. अर्ज शाळेमार्फत जातो. संकेतशब्द मुख्याध्यापकांच्या वहीत असतो. मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी शिक्षक मतदारयादीच्या, जनगणनेच्या किंवा माध्यान्ह भोजनाच्या कामात गुंतलेला असतो. आम्ही गेल्या काही वर्षांत सीमाभागातील ज्या ज्या शाळांत गेलो तेथे विचारले, 'आपण किती कल्पना पाठविल्या?' उत्तरादाखल बहुधा प्रतिप्रश्न आला, 'कसल्या कल्पना?' एका शाळेत थ्रीडी प्रिंटर पाहावयास मिळाला. तो अजून प्लास्टिकच्या आवरणात होता आणि आवरणावर धूळ होती. 'बिघडला तर भरून कोण देणार?' असे तेथील शिक्षक म्हणाले. त्यांच्यावर आम्ही रागावू शकलो नाही. ज्या व्यवस्थेत यंत्र वापरल्याबद्दल शिक्षकास जाब द्यावा लागतो आणि न वापरल्याबद्दल कोणी विचारीत नाही, त्या व्यवस्थेत यंत्राने धूळच खावयाची.

दुसरे असे की, दिल्लीचे दान दिल्लीच्या लहरीवर अवलंबून असते. १९६३ साली सुरू झालेली प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ मध्ये स्थगित झाली. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये गुंडाळण्यात आली. योजना येतात आणि जातात. मूल मात्र एकदाच सातवीत असते. म्हणून योजनांचा लाभ जरूर घ्यावा, परंतु त्यांच्या भरवशावर बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मध्य प्रदेशातील उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आज नर्मदापुरम आहे, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे. गावातील वनस्पती, माती, पाणी हीच प्रयोगशाळा. परीक्षेतही पुस्तक उघडून बसण्याची मोकळीक, कारण उत्तर पुस्तकात नसून प्रयोगात आहे! तीस वर्षांत हा कार्यक्रम हजाराच्या घरात शाळांपर्यंत पोहोचला. २००२ साली सरकारच्या एका निर्णयाने तो बंद झाला. शाळा त्याच होत्या, मुले तीच होती, एक कागद आला आणि काम थांबले. परंतु त्यातून तयार झालेली माणसे थांबली नाहीत. अरविंद गुप्ता हे अभियंते १९७८ साली या कार्यक्रमात काही काळ राहिले आणि पुढे त्यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे, फेकलेल्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करण्यात आयुष्य वेचले. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २०१४ पर्यंत हे काम केले. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. यावरून आम्ही हे शिकावयाचे की, जे काम समाजाच्या हाती असते ते एका हुकुमाने मरत नाही.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळतो. कारण आमच्या घराघरात विज्ञानाचे नाव निघाले की पुढचा शब्द इंग्रजी हाच येतो. 'मुलास विज्ञान घ्यावयाचे आहे, म्हणून इंग्रजी शाळेत घातले,' हे वाक्य आम्ही चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसांच्या ओसरीवरही ऐकले आहे. मराठी शाळांचे पट घसरत आहेत. त्यामागे सरकारी अनास्था आहे, तशी ही समजूतही आहे. ती कितपत खरी, ते पाहू.

शालेय विद्यार्थ्यांसाठी जगातील सर्वांत कठीण स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. गणिताचे ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाले; पदार्थविज्ञान, रसायन आदींची पुढे आली. भारत गणिताच्या स्पर्धेत १९८९ पासून भाग घेतो. या स्पर्धांत प्रश्नपत्रिका ठरली की निरनिराळ्या देशांचे पथकप्रमुख ती आपापल्या मुलांच्या भाषेत उतरवितात, आणि जपानचे मूल जपानीत, हंगेरीचे हंगेरियनमध्ये, व्हिएतनामचे व्हिएतनामीत उत्तर लिहिते. म्हणजे बुद्धीच्या या सर्वोच्च दरबारात मातृभाषेस मानाचे पान आहे. ती त्याज्य ठरविली आहे ती आमच्या ओसरीवर!

परंतु इंग्रजीस दोष देऊन आम्ही मोकळे झालो तर ते अर्धसत्य होईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली स्थापन झाले. तेथील वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी भाषेचा अडसर तपासला, तेव्हा असे दिसून आले की, पाठ्यपुस्तकांतील विज्ञानाची भाषा सोपी करून दिली म्हणजे मुलांचे आकलन सुधारते. मुले मंद नव्हती. भाषा जड होती. जी मराठी आम्ही अग्रलेखांत लिहितो आणि सभांत गाजवितो, तीच मुलाच्या पुढ्यात धोंडा होऊन पडू शकते, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. 'बाष्पीभवन' हा शब्द शिकविण्याआधी वाळत घातलेल्या धोतरातले पाणी कोठे गेले, हे विचारले पाहिजे. शब्द मागाहून येईल आणि तो आला म्हणजे राहील.

शेजाऱ्यांकडे पाहू. केरळात १९६२ साली शास्त्र साहित्य परिषद स्थापन झाली. तिने मल्याळम भाषेत विज्ञान खेडोपाडी नेले आणि १९७० पासून मुलांसाठी 'युरेका' हे नियतकालिक चालविले. कर्नाटकात राज्य विज्ञान परिषदेने कन्नडमध्ये 'बाल विज्ञान' मासिक काढले. कन्नड मुलाच्या हाती त्याच्या भाषेतील विज्ञान द्यावे ही त्यांची तळमळ अभिनंदनीय आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. भाषेवर प्रेम कसे करावे याचा हा धडा आहे. तो शेजाऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

मराठीतही वाण नव्हती. १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने महाराष्ट्राबाहेरही आपले काम नेले. कोल्हापुरास जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी, ज्यांचे २०२५ साली निधन झाले, जगन्मान्य संशोधन करता करता मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि शाळकरी मुलांपुढे मराठीत व्याख्याने दिली. त्याच्याही आधी, १८९० साली, सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन काढले, तेव्हा तांत्रिक शिक्षण देशी माणसाच्या आवाक्यात यावे हाच हेतू होता. वारसा आहे. वारस कोठे आहेत, हा प्रश्न आहे.

गोव्यातील माशेल येथे १९४३ साली जन्मलेले रघुनाथ माशेलकर मुंबईत गरिबीत शिकले. त्यांनी अनेकदा सांगितले आहे की, त्यांच्या शाळेतील भावे सरांनी मुलांस उन्हात नेले, बहिर्वक्र भिंगाने सूर्यकिरण कागदावर एकवटून दाखविले, कागद पेटला, आणि तेथे त्यांस विज्ञानाची गोडी लागली. पुढे ते देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. या कथेत किती रुपये खर्च झाले? एका भिंगाचे. परंतु वर्गाबाहेर जाण्यासाठी उठलेला एक शिक्षक त्यात आहे, आणि त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मावत नाही.

दुसरी कथा मुलींच्या बापांसाठी. इंदुरास जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. त्या केवळ स्त्री आहेत म्हणून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांस नकार दिला. त्यांनी माघार घेतली नाही. अटी सोसून प्रवेश मिळविला आणि काम असे करून दाखविले की, पुढे त्या संस्थेची दारे मुलींस उघडली. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या थोर शास्त्रज्ञाच्या हातूनही एवढी चूक होऊ शकते, तर आमच्या घरांतून ती रोज होत असेल यात नवल काय? खानापूर तालुक्यातील जी मुलगी दोन बसगाड्या बदलून शाळेस येते, तिला शनिवारच्या प्रयोगासाठी तासभर थांबू देणारे घर आणि तिला घरी पोहोचविणारी सोबत, एवढी सोय आम्हांस करता येत नाही काय?

कोणी म्हणेल, आमच्या लहान गावात पाहण्यासारखे आहे काय? यासारखे अज्ञान दुसरे नाही. याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत. तेथील एका दुर्मीळ वटवाघळाची नोंद शास्त्रज्ञांनी १९१३ साली केली आणि पुढे कित्येक वर्षे जगात त्याचे तेवढे एकच ठिकाण ठाऊक होते. जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ ज्या गुहेचे नाव जाणतात ते आमच्या किती मुलांनी ऐकले आहे? मलप्रभा कणकुंबीस उगम पावते. कणकुंबीस धो धो कोसळणारा पाऊस बेळगावास येईतो कितीतरी ओसरतो आणि पूर्वेकडे अथणीच्या वाटेवर आणखी आटतो. दहा गावांतील दहा मुलांनी सारख्या तोंडाच्या दहा बाटल्या कापून पर्जन्यमापक करावेत, जून ते सप्टेंबर रोज सकाळी आठ वाजता पाणी मोजून वहीत लिहावे, आणि दसऱ्यास एकत्र बसून आकडे नकाशावर मांडावेत. पर्जन्यछाया म्हणजे काय हे त्यांस मग कोणी शिकवावे लागणार नाही. बाल विज्ञान परिषदेस याहून चांगला विषय कोणता?

बेळगाव हे ओतकामाचे आणि यंत्रांचे गाव आहे. उद्यमबागेतील फाउंड्रीत लोखंड वितळते, साच्यात पडते, लेथवर कातले जाते आणि त्याचे सुटे भाग देशभर जातात. लोखंड कोणत्या तापमानास वितळते, साच्याच्या वाळूत ओल किती असावी, थंड होताना ओतीव भाग आकसतो तो का, हे सारे पदार्थविज्ञान आमच्या बापभावांच्या हातांत आहे. त्यांची मुले मात्र तेच प्रकरण वर्गात रुक्ष व्याख्या म्हणून पाठ करतात. कारखानदारांस आमचे आवाहन आहे: महिन्यातून एक शनिवार आपल्या कारखान्याचे दार वीस मुलांस उघडा. सुरक्षेची टोपी द्या, एक जाणता कारागीर सोबत द्या, आणि त्याला बोलू द्या. तो पदवीधर नसेल. परंतु भट्टीच्या रंगावरून उष्णता ओळखणारा माणूस मुलांस जे देईल ते आमच्यासारखा पदवीधर देऊ शकणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही ठराव मांडून उठणारे नव्हे. म्हणून चार गोष्टी नेमक्या सांगतो.

पहिली. प्रत्येक मराठी शाळेमागे एक माणूस नेमा, ज्याचे काम एवढेच की, योजनांच्या मुदती पाहावयाच्या, शिक्षकांसोबत बसून अर्ज भरावयाचे आणि पावती मुलाच्या हाती द्यावयाची. निवृत्त कारकून, बँकेतून मोकळे झालेले गृहस्थ, महाविद्यालयात शिकणारी मुलगी, कोणीही चालेल. मोर्च्याची परवानगी काढताना कचेऱ्यांचे उंबरे झिजविणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांस हे जमणार नाही, असे आम्ही मानीत नाही.

दुसरी. गावातील वाचनालयाने शनिवारची संध्याकाळ विज्ञानास द्यावी. एक कपाट, दोन भिंगे, एक चुंबक, एक तापमापक, मोजपट्ट्या, दोरी, मेणबत्त्या, आणि मराठीतील पंचवीस विज्ञानपुस्तके. एका घरच्या वाढदिवसाच्या खर्चात हे कपाट भरते. गणेशोत्सव मंडळांनी एका वर्षी विजेच्या रोषणाईतील चौथा हिस्सा वाचवून ते भरावे. विघ्नहर्त्यास राग येणार नाही. तो विद्येचीच देवता आहे.

तिसरी. वर्षातून एक सहल देवदर्शनासोबत ज्ञानदर्शनाची काढा. चोर्ला घाट उतरला की गोवा आहे. मिरामारच्या किनाऱ्यानजीक २००१ पासून विज्ञान केंद्र आहे आणि दोनापावलास १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मुलांस समुद्रात पाय भिजवून आणणाऱ्या सहली पुष्कळ निघतात. समुद्र खारट का, हे विचारून येणारी एखादी निघावी.

चौथी. येत्या मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, पणजी, बडोदे, इंदूर, हैदराबाद आणि ग्वाल्हेर येथे मुलांनी आपापल्या अंगणात एक मीटरची काठी ओळंबा धरून रोवावी आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा ती मोजावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहावयाचे नाही. नजर जमिनीवर ठेवावयाची. मापे आमच्या कचेरीकडे पाठवावीत. मुलाच्या नावासह आणि गावासह ती आम्ही याच पानावर छापू आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढून दाखवू. उत्तर थोडे चुकेल. कोठे चुकले आणि का, तेही छापू. कारण चूक लपविणे हे राजकारण असेल, विज्ञान नव्हे.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: चळवळीचे प्रश्न रस्त्यावर पडले असताना संपादकांस सावल्या मोजण्याची हुक्की का आली? त्यास उत्तर एवढेच. भाषेसाठी आम्ही जो लढा देतो तो पाट्यांवरील अक्षरांपुरता नाही. ज्या भाषेत मूल 'का?' असे विचारते आणि ज्या भाषेत त्यास उत्तराचा शोध घेता येतो, ती भाषा कोणी हटवू शकत नाही. आणि ज्या भाषेत मूल केवळ घोषणा देते, पण प्रश्न विचारावयाचे ते दुसऱ्या भाषेत, ती भाषा पाटीवर राहिली तरी घरातून गेलेली असते. १ नोव्हेंबरला रस्ता भरून टाकणाऱ्या समाजास शनिवारी एक खोली भरता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. ती तशी वाचकांसही वाटावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

सूर्य कोणत्याही सरकारच्या हुकुमाची वाट पाहत नाही. तो ठरल्या दिवशी ठरल्या वेळी माथ्यावर येईल. त्या दिवशी अंगणात एक काठी, एक मोजपट्टी आणि वही घेतलेले एक मूल असावे. एवढी व्यवस्था करणे सर्वस्वी आमच्या हातात आहे.